कॉबडेनला ‘गिरणीमालकांचा माणूस’ म्हणून निकालात काढू नका

शेवंती:
एकोणिसाव्या शतकातला इंग्रज खासदार रिचर्ड कॉबडेन याचं नाव निघालं की आपल्याकडे ‘मँचेस्टरचा कापडवाला, खुल्या व्यापाराचा भाट’ म्हणून विषय संपवतात. मला हा अन्याय वाटतो. ससेक्समधल्या शेतकऱ्याचा मुलगा, अकरा भावंडांतला चौथा. बापाची शेती बुडाली, हा लंडनला नातेवाइकाच्या वखारीत राबला, मग नमुने घेऊन गावोगाव कापड विकत हिंडला. १८२८ मध्ये भागीदारीत स्वतःचा धंदा काढला, पुढे सॅबडेनला छापील कापडाचा कारखाना. आणि हा जम बसलेला धंदा त्याने धान्य कायद्यांविरुद्धच्या, म्हणजे परदेशी धान्य अडवणाऱ्या कायद्यांविरुद्धच्या, लढ्यापायी डबघाईला जाऊ दिला. १८१५ च्या कायद्याने गहू क्वार्टरला (धान्याचं जुनं इंग्रजी माप) ८० शिलिंग होईपर्यंत परदेशी गव्हाला दार बंद होतं. जमीनदार गब्बर, मजुराचा पाव महाग. १८४६ मध्ये कायदे रद्द झाले तेव्हा खुद्द पंतप्रधान पीलने सभागृहात श्रेय कॉबडेनला दिलं.

गिरणगावकर:
साफ असहमत. धंदा बुडाल्यावर त्याच्यासाठी ७५ हजार पौंडांहून जास्त वर्गणी जमली, हे का गाळलंत? त्यात कारखानदारांचा पैसा मोठा होता. पाव स्वस्त झाला की मजुरी वाढवावी लागत नाही, हे त्यांना चांगलं कळत होतं. आणि या खुल्या व्यापाराचा प्रसाद आम्हाला काय मिळाला? १८८२ मध्ये विलायती कापडावरची आयात जकात उठली. १८९६ मध्ये आपल्या गिरण्यांच्या कापडावर साडेतीन टक्के अबकारी (देशात तयार झालेल्या मालावरचा कर) बसली, ती थेट १९२५ पर्यंत. मुंबईच्या गिरण्यांनी इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या कापडगिरण्यांशी स्पर्धा करू नये म्हणूनच ना?

शेवंती:
अहो, कॉबडेन एप्रिल १८६५ मध्येच वारला. आणि देशी मालावर कर लावणं हा कुठला खुला व्यापार? तो लँकेशायरचा दबाव होता. १८५३ मध्ये याच माणसाने ब्रह्मदेशच्या युद्धावर पुस्तिका लिहिली. दोन इंग्रज कप्तानांच्या हजार पौंडांच्या आतल्या दाव्यावरून युद्ध कसं पेटवलं आणि खर्च हिंदुस्थानच्या माथी कसा मारला, हे त्याने सरकारी कागदपत्रांतूनच दाखवलं. १८५७ मध्ये चीनमधल्या कँटनवर इंग्रजांनी केलेल्या तोफमाऱ्याविरुद्ध संसदेत ठराव आणून पंतप्रधान पामर्स्टनला १६ मतांनी हरवलं. पामर्स्टनने निवडणूक लावली, त्यात कॉबडेनची खासदारकी गेली. दोन वर्षांनी त्याच पामर्स्टनने मंत्रिपद देऊ केलं, तेही त्याने नाकारलं. गिरणीमालकांचा दलाल असं वागतो का?

वाचनवेडा:
शेवंतीताई, युद्धविरोधाबद्दल तुमच्याशी सहमत. पण कामगारांच्या बाबतीत त्याचं मन कोरडंच होतं. प्रौढ कामगारांचे तास कायद्याने ठरवू नयेत, असं तो म्हणे. १८३६ च्या पत्रात मजुरांना सल्ला काय, तर प्रत्येकी वीस पौंड साठवा आणि अमेरिकेला चालते व्हा! बारा-बारा तास यंत्रापाशी उभं राहणाऱ्याने वीस पौंड कुठून साठवायचे?

गिरणगावकर:
अगदी! शेवंतीताई, १८५७ च्या ठरावाचं मीही मानतो, तिथे त्याने किंमत मोजली. पण अबकारीचं खापर नुसतं दबावावर फोडू नका. जकात उठवताना आणि अबकारी बसवताना सरकारने पुढे केला तो खुल्या व्यापाराचाच सिद्धान्त. रानड्यांनी १८९२ मध्ये डेक्कन कॉलेजातल्या भाषणात हेच सांगितलं होतं की इंग्लंडचं अर्थशास्त्र जसंच्या तसं हिंदुस्थानला लागू पडत नाही. कॉबडेनने हा प्रश्न कधी स्वतःला विचारला असेल तर दाखवा.