मर्स्यांगदीतला ‘दी’ : नदी की पाणी?

धागाकर्ता : नेपाळच्या नकाशावर गंडकीच्या खोऱ्यात दरौंदी, मर्स्यांगदी, मादी, मोदी, म्याग्दी अशी नावे दिसतात, आणि मराठी कानाला त्यांत ‘नदी’ ऐकू येणे साहजिक आहे. माझ्या मते हा कानाचा चकवा आहे. नेपाळमधल्या मगर या जनजातीच्या भाषेत ‘दी’ म्हणजे पाणी. ‘नदी’ झिजून ‘दी’ उरला असता तर तो नेपाळभर सापडला असता. प्रत्यक्षात पूर्वेकडे सुनकोसी, तामाकोसी, दूधकोसी लागतात, सुदूर पश्चिमेला ‘गाड’ लागतात, आणि ‘दी’ची दाटी मगरांच्या जुन्या वस्तीच्या आसपासच राहते. शिवाय नेपाळी लोक ‘मोदी खोला’ म्हणतात. ‘खोला’ म्हणजे ओढा किंवा नदी. तो जोडण्याची गरज भासली, याचा अर्थ ‘दी’चा अर्थ विसरला गेला होता.

प्रतिसाद १ : शेवटचा पुरावा टिकत नाही. आपणही ‘विंध्याचल पर्वत’ म्हणतो, आणि ‘अचल’ म्हणजे काय हे ठाऊक असूनही म्हणतो. माझी मुख्य हरकत वेगळी आहे. मर्स्यांगदी उत्तरेच्या मनाङ जिल्ह्याकडून येते, आणि तिच्या वरच्या खोऱ्यातले गुरुङ जमातीचे लोक पाण्याला ‘क्यु’ म्हणतात. रोल्पा-रुकुमकडचे खाम मगर तर ‘री’ म्हणतात. मग कोणती मगर भाषा आपल्याला अभिप्रेत आहे?

धागाकर्ता : विंध्याचल मान्य; तो पुरावा मागे घेतो. खामचा दाखला मात्र माझ्याच बाजूचा आहे, कारण ‘दी’ हा पाल्पा, स्याङ्जा, तनहुँकडच्या मगर ढूट या मगर भाषेतला शब्द आहे आणि ही नावेही त्याच पट्ट्यात किंवा त्याला लागून आहेत. गुरुङांबद्दल एवढेच म्हणतो, की खालच्या खोऱ्यात रुळलेले नाव नदीबरोबर वर चढू शकते.

प्रतिसाद २ : ‘शकते’ या शब्दावर आपण बरेच ओझे टाकले आहे. मगरांसाठी ‘मगरात’ नावाच्या वेगळ्या प्रांताची मागणी नेपाळमध्ये झालेली आहे, म्हणून असे तर्क मांडताना जपावे. नदीचे नाव हा काही सातबाराचा उतारा नव्हे.

प्रतिसाद ३ : उताऱ्याची भीती बाळगून व्युत्पत्तीच टाळायची का? २०२१च्या जनगणनेत मगर सुमारे २० लाख, तर मगर ढूट ही मातृभाषा सांगणारे सुमारे ८ लाखच आहेत. ज्या मगर घरांत आता फक्त नेपाळी बोलली जाते, तिथे ‘दी’ हा शब्द या नद्यांच्या नावांपुरताच उरतो, आणि तिथेही त्याला ‘नदी’चा तुकडा म्हणणारे आपण आहोतच.