गेमचं म्युझिक म्हणजे 'खरं' संगीत नाही का?

कॅसेट_फुंक्या:
परवा सोसायटीच्या गणपतीत कीबोर्डवर मारिओची धून वाजवली. चार-पाच सुरांतच पोरंटोरं आणि माझ्या वयाचे सगळे ओरडायला लागले, टाळ्या वगैरे, आणि खाली उतरलो तर बाबा (चाळीस वर्षं पेटी वाजवतायत) म्हणाले, "छान. आता एखादं गाणं वाजव." म्हणजे ते गाणं नव्हतंच! कोजी कोंडोची १९८५ ची ही चाल २०२३ मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने जपून ठेवायच्या रेकॉर्डिंगच्या यादीत घेतली, गेमचं म्युझिक तिथे पहिल्यांदाच गेलं. हे सांगितलं तर म्हणे "असेल". तुमच्या घरी काय सीन? गेम बंद असताना ऐकता का हे कोणी?

पुणेरी_पाटी:
स्पष्ट बोलतो, राग मानू नका. तुम्हाला आवडते ती मे महिन्याची सुट्टी, धून नाही. आमच्याकडे टीव्ही गेम कधी आणूच दिला नाही, त्यामुळे मित्राने हेडफोन लावून झेल्डा गेमचं म्युझिक ऐकवलं तेव्हा त्याच्या डोळ्यात पाणी आणि मी आपला हे संपतंय कधी बघत बसलेलो. याद्या-बक्षिसांचं सोडा. सिव्हिलायझेशन ४ च्या 'बाबा येतू'ला २०११ मध्ये ग्रॅमी मिळालं, ते मलाही आवडतं, पण ते स्वाहिली कोरस आहे, गेम माहीत नसला तरी उभं राहतं. तुमचं टिंगटिंग राहतं का?

ठेका_चुकला:
@पाटी उभं कशाला राहायला हवं? तबल्याच्या सोलोत मागे पेटीवर लेहरा चालतो, तीच एक ओळ, अर्धा-पाऊण तास. लेहरा ऐकायला तिकीट काढून कोणी जात नाही पण लेहरेवाला हलला की तबलजी गेला. फार नटवला तर लक्ष खातो, सपक असला तर डोकं उठतं. इथेही तेच, पोरगा एकाच खड्ड्यात वीस वेळा पडणार, वीस वेळा तीच धून ऐकणार, आणि वैताग निघाला पाहिजे खड्ड्यावर, धुनेवर नाही. हे जमवणं सोपंय का! त्यात मारिओतला टायमर शंभरच्या खाली गेला की लय चढते आणि हात गडबडतात. माझं स्टेजवर तसंच होतं, म्हणून तर हे नाव.

सोल्डरिंग_गन:
अजून एक. मारिओ ज्याच्यावर चालायचा त्या जुन्या निन्टेंडो मशीनमध्ये आवाज एकूण पाचच. दोन चौकोनी लहरीचे, एक त्रिकोणी (बेस त्याच्यावर), एक खरखरीचा, एक सॅम्पलचा (म्हणजे आधीच रेकॉर्ड केलेल्या आवाजाचा तुकडा). इफेक्टसाठी वेगळी जागाच नाही, त्यामुळे मारिओने उडी मारली की चौकोनी दोघांपैकी एक धून सोडून उडीचा आवाज काढायला पळतो आणि परत येऊन सूर धरतो. कान देऊन ऐका, तेवढ्यात धुनेतला एक पदर गायब असतो.

कॅसेट_फुंक्या:
आईशप्पथ, जातो खरंच!! आत्ता खेळून बघितलं. यूट्यूबवरची स्वच्छ धून मला इतकी वर्षं परकी का वाटायची ते आज कळलं, माझ्या डोक्यात ती उड्यांच्या भोकांसकटच बसलीये. @पाटी सुट्टीचं मान्य, अर्धं.

आणि लेहऱ्याचं बाबांना वाचून दाखवलं. काही बोलले नाहीत. जेवण झाल्यावर पेटी काढली आणि म्हणाले, "ती तुझी ओळ वाजव बघू परत. सम कुठे येते त्याची?"