‘चिपेंडेल खुर्ची’ मराठीत कशी लिहावी?

जुन्या फर्निचरवरच्या लेखाचा अनुवाद करतेय. एका चित्राखाली ‘चिपेंडेल खुर्ची, फिलाडेल्फिया, सुमारे १७७०’ असं आहे. मी ‘चिपेंडेलने बनवलेली खुर्ची’ लिहिलं. पण फिलाडेल्फिया अमेरिकेत, आणि फर्निचर बनवणारा थॉमस चिपेंडेल तर लंडनचा ना?

— लंडनचाच. समुद्र ओलांडला तो त्याच्या पुस्तकाने. १७५४ साली त्याने फर्निचरच्या नमुन्यांचं पुस्तक काढलं, ते ‘डायरेक्टर’ या नावाने ओळखलं जातं. त्यात १६० चित्रपानं होती, १७६२च्या आवृत्तीत २००. फिलाडेल्फियाच्या वाचनालयात त्याची प्रत होती. स्कॉटलंडहून तिथे आलेला कारागीर थॉमस अ‍ॅफ्लेक याच्याकडेही होती. तेव्हा इथे ‘चिपेंडेल’ हे शैलीचं नाव समजा. ‘चिपेंडेल घाटाची खुर्ची’ कसं वाटतं?

— घाट भांड्याला, दागिन्याला शोभतो. खुर्चीला ‘धाटणी’ बरी. ‘चिपेंडेलची’ तर नकोच, ‘ची’ लागली की ती त्याच्या हातची ठरते. ‘चिपेंडेलछाप’ छापील पुस्तकामुळे चपखल बसलं असतं, पण आपल्याकडे ‘छाप’ म्हटलं की नकलेचा वास येतो.

— आणि ती निव्वळ नक्कल नव्हतीच! फिलाडेल्फियाच्या या खुर्च्यांची ओळख म्हणजे पंजात गोळा धरलेला पाय. ‘डायरेक्टर’मध्ये तो पाय एकाही खुर्चीला नाही, लंडनमध्ये त्याची फॅशन तोवर मागे पडली होती. कारागीर पाठीची कोरीव जाळी चित्रातून उचलायचे आणि पाय गिऱ्हाइकाच्या सवयीचे ठेवायचे. सांधे कसे भरायचे हे चित्रात दिसत नाही, त्यामुळे तेही गावोगावचे वेगळे. फिलाडेल्फियात बैठकीच्या बाजूच्या पट्टीचं टोक अनेकदा मागच्या पायातून आरपार काढत. पाय जोडणाऱ्या खालच्या आडव्या पट्ट्या तिथे नाहीशा झाल्या, बॉस्टनकडे टिकल्या.

— बॉस्टनचं प्रकरण आणखी निराळं. तिथल्या काही ‘चिपेंडेल’ खुर्च्यांच्या पाठी रॉबर्ट मॅनवेअरिंग या दुसऱ्या इंग्रज कारागिराच्या १७६५च्या पुस्तकावरून घेतलेल्या आहेत. नाव मात्र चिपेंडेलचंच चिकटलं.

— पुढे लेखात हेपलव्हाइट हा इंग्रज फर्निचर कारागीर आला तर सोपं आहे. त्याचं पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर, १७८८ साली, पत्नी अ‍ॅलिसने काढलं. त्या खुर्चीला सरळ ‘ढालीच्या आकाराच्या पाठीची’ म्हणा.

— मग ‘चिपेंडेल धाटणीची खुर्ची, फिलाडेल्फियाची बनावट’ असं करते. पायाला ‘गोळा धरलेला पंजा’ चालेल?

— चालेल, पण ‘पक्ष्याचा’ जोडा. नाहीतर वाचक वाघाचा समजतील.