एनव्हीडीएवर मेलची अटॅचमेंट: उघडायची की आधी सेव्ह करायची?

डिचोलीकर
विंडोज ११, क्रोममध्ये जीमेल, एनव्हीडीए (पडद्यावरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर). जत्रेच्या नाटकाची संहिता, पंचायतीच्या नोटिसा, सगळं मेलवरच येतं. फाइलच्या नावावर एंटर मारला की वेगळंच काहीतरी उघडतं, मेल सापडत नाही. डाउनलोड झाली तर कुठे गेली कळत नाही. एक पीडीएफ तर उघडूनही अक्षर वाचत नाही. क्रम कसा ठेवायचा?

फोंडा_कीबोर्ड
नावावर एंटर मारूच नका. त्यानं जीमेलचा प्रीव्ह्यू उघडतो. अडकलात तर एस्केप.

मेल उघडला की एनव्हीडीए+स्पेसनं (एनव्हीडीए की म्हणजे बहुधा इन्सर्ट) ब्राउझ मोडमध्ये या, म्हणजे एकेका अक्षरानं पानावर फिरता येतं. हे आधी का, तर फोकस मोडमध्ये अक्षरं थेट जीमेलला जातात. जीमेलचे शॉर्टकट चालू असतील आणि तुम्ही एडिट फील्ड शोधायला ई दाबलात, तर मेल अर्काइव्ह होतो आणि माणूस शोधत बसतो. मजकुराच्या शेवटापासून बी (पुढचं बटण) दाबत जा. प्रत्येक फाइलचं डाउनलोड बटण वेगळं असतं, त्यावर एंटर.

फाइल हरवण्यावर कायमचा उपाय: क्रोमच्या सेटिंग्जमध्ये डाउनलोड्सखाली, सेव्ह करण्यापूर्वी जागा विचारण्याचा पर्याय चालू करा. मग दर वेळी सेव्ह ॲजची खिडकी येते, नावही तिथंच बदलता येतं. 'स्कॅन००१२' असल्या नावाची फाइल चार दिवसांनी कोण ओळखणार? आधीच उतरलेल्या फाइली कंट्रोल+जे दाबून दिसतील.

म्हापसा_आउटलुक
ऑफिसात क्लासिक आउटलुक असेल तर मेल एंटरनं वेगळ्या खिडकीत उघडा, मजकुरातून शिफ्ट+टॅब करत अटॅचमेंटवर जा, शिफ्ट+एफ१०, सेव्ह ॲज. तिथूनच उघडून दुरुस्त्या करू नका. ती तात्पुरती प्रत असते, बदल कुठल्या तरी टेम्प फोल्डरात जातात. झिपचंही तेच, आधी एक्स्ट्रॅक्ट ऑल.

वर्ड फाइलमध्ये टाइप होत नसेल तर ती प्रोटेक्टेड व्ह्यूमध्ये, म्हणजे फक्त वाचण्यापुरती उघडली आहे. एफ६ दाबत वरच्या पट्टीवर जा, एनेबल एडिटिंग. पाठवणारा ओळखीचा असेल तरच.

आणि एक्सप्लोररमध्ये व्ह्यू, शो, फाइल नेम एक्स्टेन्शन्स चालू ठेवा. विंडोज एरवी शेपूट लपवतं, त्यामुळे 'बिल.पीडीएफ.ईएक्सई' ही फाइल एनव्हीडीए नुसती 'बिल.पीडीएफ' म्हणून वाचतो. शंका आली की ऑल्ट+एंटर दाबून प्रकार तपासा.

डिचोलीकर
देव बरें करूं! डाउनलोडचं जमलं. न वाचणाऱ्या पीडीएफचं काय?

साखळी_युनिकोड
पहिल्यांदा आवाज तपासा, बरेचदा दोष फाइलचा नसतोच. इंग्रजी आवाज देवनागरीवर गप्प बसू शकतो. एनव्हीडीए+कंट्रोल+एसनं ईस्पीक हे आवाजाचं इंजिन निवडा, मग एनव्हीडीए+कंट्रोल+व्हीमध्ये मराठी. कोकणीही आहे. आवाज कानाला रुक्ष लागतो, पण अक्षर चुकवत नाही.

तरीही गप्प, तर पान स्कॅन केलेलं असणार, म्हणजे नुसतं चित्र. एनव्हीडीए+आर हा विंडोजचा ओसीआर (चित्रातली अक्षरं ओळखणारी सोय) वापरतो, त्यात मराठी नाही. इंग्रजी नोटिशीला मात्र उत्तम. मराठीसाठी फाइल गूगल ड्राइव्हवर चढवा, शिफ्ट+एफ१०, ओपन विथ, गूगल डॉक्स. मजकूर उतरतो, पण तक्ते विस्कटतात, शिक्क्याखालचे आकडे चुकतात. तारीख आणि रक्कम कुणाकडून तरी पडताळून घ्या.

तिसरी गत नाटकाच्या संहितांची. आवाज येतो पण इंग्रजी अक्षरांचा कडबोळा ऐकू येतो. वर्डमध्ये एनव्हीडीए+एफ दाबून फॉन्टचं नाव ऐका. श्री-देव, डीव्ही-टीटी किंवा कृतीदेव निघाला तर आत देवनागरी नाहीच, इंग्रजी अक्षरांना देवनागरी रूप दिलेलं आहे. त्याच फॉन्टचा कन्व्हर्टर लागतो, दुसऱ्याचा लावलात तर आणखी गोंधळ. जोडाक्षरं आणि रफार तरीही बिघडतातच, म्हणून टाइप करणाऱ्याकडे मूळ फाइल युनिकोडमध्ये, म्हणजे खऱ्या देवनागरी अक्षरांत मागा. पीडीएफ नको, वर्डच.