मदत हवी आहे: सीपीएलचे (कमर्शियल पायलट लायसन्स) तास जमवतेय, रॅम्पवरच राहू की लोड कंट्रोलला जाऊ?

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक झालंय पण ज्यांनी नोकरी सांभाळून फ्लाइंग केलंय त्यांनी प्लीज वाचून सांगा.

मी एका ग्राउंड हँडलिंग कंपनीत रॅम्पवर आहे, म्हणजे उभ्या विमानात सामान चढवणं-उतरवणं. पीपीएल (प्रायव्हेट पायलट लायसन्स) झालंय, आता सीपीएलचे तास जमवणं चालू आहे आणि पगारातून घरखर्च जाऊन जे उरतं ते सगळं विमानाच्या भाड्यात जातं. आता आमच्याकडेच लोड कंट्रोलला (विमानाचं वजन आणि तोल यांचा हिशोब करणारा विभाग) जागा निघालीय, ड्यूटी मॅनेजर म्हणतायत अर्ज टाक, तुझं होईल. बेसिक तेवढंच, पण नाईट अलाऊन्स आणि ओटी बंद, म्हणजे हातात येणारा पैसा कमी होणार आणि तेवढे उडायचे तास कमी होणार. शिवाय सुरुवातीला जनरल शिफ्ट. सध्या रोटेशनमुळे मला आठवड्याच्या मधे सुट्टी मिळते, तेव्हा विमान पण मोकळं असतं आणि इन्स्ट्रक्टर पण. शनिवार-रविवारी सगळे नोकरदार येतात, स्लॉट मिळता मिळत नाही आणि मिळाला तर नेमकं हवामान बिघडलेलं.

रॅम्प सोडायचं जिवावर येतंय कारण मी तिथे खरंच शिकतेय. भरताना आधी पुढचा होल्ड (सामानाचा कप्पा), उतरवताना आधी मागचा, नाहीतर वजन मागे जाऊन विमान शेपटीवर बसू शकतं, हे आम्हाला पहिल्याच आठवड्यात सांगितलेलं. नंतर परफॉर्मन्स आणि लोडिंगचा पेपर आला तेव्हा सेंटर ऑफ ग्रॅव्हिटीचा धडा मला आकृती न बघता कळला. वॉकअराउंडला (उड्डाणाआधी विमानाभोवती फिरून तपासायला) येणारे फर्स्ट ऑफिसर (सहवैमानिक) पण छान बोलतात, टॉर्च मारून टायर, पिटोट (वेग मोजणारी नळी), इंजिनची पाती बघत असतात, मी ट्रॉली लावता लावता विचारते आणि ते सांगतात.

पण कानाची भीती वाटायला लागलीय. मागच्या बल्क होल्डमध्ये उभं राहता येत नाही, गुडघ्यावर बसूनच बॅगा रचायच्या, आणि शेपटीतला एपीयू (छोटं सहाय्यक इंजिन) तिथून जवळच किंचाळत असतो. हल्ली शिफ्ट संपल्यावर घरी गेलं तरी बराच वेळ कानात शीं असा आवाज येत राहतो. क्लास वन मेडिकल (व्यावसायिक पायलटची वैद्यकीय तपासणी) रिन्यू करायचं आहे आणि त्यात ऑडिओमेट्री (ऐकण्याची चाचणी) असणार. हा आवाज डॉक्टरांना सांगू का? त्यावरून अनफिट करतील का? आणि नाईट करून सकाळी झोप काढून दुपारी उडलेलं चालतं का, बाकीचे काय करतात? ग्राउंडचा अनुभव पुढे एअरलाइनच्या इंटरव्ह्यूत कोणी विचारात घेतं का हे पण सांगा.

प्रतिसाद – डाव्या_सीटची_वाट

ताई, मी पण रॅम्पवरूनच आलोय, आता फर्स्ट ऑफिसर आहे. आधी कानाचं बोलतो, बाकी सगळं नंतर.

आयकाओच्या (आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटना) निकषात क्लास वनला प्रत्येक कानाची वेगळी चाचणी असते. 500, 1000 आणि 2000 हर्ट्झला 35 डेसिबलपेक्षा जास्त आणि 3000 ला 50 पेक्षा जास्त ऐकू कमी यायला नको. आता गोंगाटाने होणारं नुकसान साधारण 4000 हर्ट्झच्या आसपास सुरू होतं, म्हणजे आज तुम्ही आरामात पास व्हाल आणि तरी कान खराब व्हायला लागलेले असू शकतात. म्हणून नुसतं फिट आलं यावर थांबू नका, पूर्ण ऑडिओग्रामची कॉपी मागून घ्या आणि दरवर्षी 4000 चा आकडा आधीच्याशी ताडून बघा.

85 डेसिबलला आठ तास ही कामाच्या जागेची शिफारस आहे, आणि दर 3 डेसिबल वाढले की वेळ निम्मी. 100 ला गेलात की फक्त 15 मिनिटं उरतात! एपीयूजवळ होल्डमध्ये एक टर्नअराउंड (विमान आल्यापासून परत निघेपर्यंतचं काम) करायला किती वेळ लागतो ते तुम्हीच बघा. आत फोमचे इअरप्लग आणि वरून कान झाकणारे मफ असं दोन्ही घाला. दोन्हीचे आवाज कमी करायचे आकडे एकमेकांत मिळवायचे नाहीत हां, जे जास्त असेल त्यावर फार तर 5 डेसिबल धरायचे. प्लग नीट बसवायचा, वळून बारीक करून, दुसऱ्या हाताने कान वर खेचून आत घालायचा आणि फुगेपर्यंत धरून ठेवायचा. आमच्यातले अर्धे लोक तो नुसता कानाच्या तोंडाशी अडकवून फिरायचे.

टेस्टच्या आधी निदान 14 तास गोंगाटापासून लांब राहा, नाहीतर शिफ्टमुळे तात्पुरतं कमी ऐकू येतं ते पण रिपोर्टमध्ये दिसतं. आणि कानातल्या आवाजाचं डॉक्टरांना नक्की सांगा. लपवू नका. फॉर्मवर तुमची सही असते, आणि नुसत्या आवाजावरून लगेच अनफिट ठरवत नाहीत, आधी तपासतात.

नाईटनंतरचं फ्लाइंग माझ्या मते बंदच करा. 17 तास सलग जागं राहिलेल्या माणसाची कामगिरी रक्तात 0.05 टक्के अल्कोहोल असल्यासारखी उतरते. सकाळची तीन-चार तासांची मोडकी झोप ही झोप नाही, आणि तुम्ही तर सोलो जाणार. नाईटच्या नंतर एक पूर्ण रात्र झोपा, मग बुकिंग करा.

प्रतिसाद – झिरो_फ्युएल_वेट

मी लोड कंट्रोलला आहे त्यामुळे माझं मत एकाच बाजूला झुकणार, तरी सांगते. ग्राउंडचा एकही तास लॉगबुकात धरला जात नाही, रॅम्पचा नाही आणि आमचा पण नाही. आयकाओप्रमाणे सीपीएलला 200 तास, मान्यताप्राप्त सलग कोर्स असेल तर 150, त्यात 540 किलोमीटरचा एक क्रॉस कंट्री (एका विमानतळावरून दुसरीकडे लांबचं उड्डाण). हे सगळं पैसे भरूनच व्हायचं. इंटरव्ह्यूला ग्राउंडवर होतात म्हणून कोणी घेणार नाही, पण टर्नअराउंड, डिले, वजन यावर विचारलं तर तुम्ही केलेलं काम सांगाल.

इथे शिकायला मिळतं ते असं की तुम्ही ट्रिम (विमानाचा तोल कुठे येतो त्याचा आकडा) काढता, कॅप्टन त्यावर सही करतो आणि स्टॅबिलायझर (शेपटीचा आडवा पंख) त्या आकड्यावर लावतो. शेवटच्या क्षणी दहा बॅगा उतरल्या तर आकडा कुठे सरकतो ते तुम्हाला तोंडपाठ होतं. किलो आणि पौंड याबद्दल आम्ही एवढे कडक का, तर 1983 मध्ये एअर कॅनडाच्या 767 मध्ये 22,300 किलो इंधन हवं होतं आणि हिशोबात पौंडाचा आकडा वापरला गेला, त्यामुळे इंधन कमी भरलं गेलं, दोन्ही इंजिनं हवेत बंद पडली, ग्लाइड करत उतरवलं. ट्रेनिंगला हे सांगतात आणि मग ते डोक्यातून जात नाही.

पण पैसे कमी होणार हे खरंच आहे. त्यावर एकच उपाय मला दिसतो. महिन्यातून एखादीच फ्लाइट करायची, असं करू नका. मधे एवढी गॅप पडली की पुढची फ्लाइट जुनं परत जुळवण्यात जाते आणि ते भाडं फुकट. पैसे साठू द्या, रजा साठवा, आणि सलग दोन आठवडे रोज उडा. मग शनिवार-रविवारच्या स्लॉटचा प्रश्नच राहत नाही.

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार, कानाचं एवढं नीट कोणीच सांगितलं नव्हतं. 4000 चा आकडा मागच्या रिपोर्टमध्ये आहे का ते आजच बघते. सलग रजेचं पटलं, त्यामुळे लोड कंट्रोलकडेच मन जातंय, पण ट्रेनिंग चालू असताना दोन आठवडे सोडतात का? झिरो_फ्युएल_वेट ताई, तुमच्याकडे नवीन माणसाला साइन ऑफ (एकट्याने काम करायची मंजुरी) व्हायला किती महिने लागतात?

प्रतिसाद – झिरो_फ्युएल_वेट

प्रत्येक कंपनीत वेगळं असतं, त्यामुळे माझा आकडा धरून चालू नका. अर्ज टाकतानाच ड्यूटी मॅनेजरना विचारा, आणि साइन ऑफनंतर रजा सलग मिळेल हे ईमेलवर लिहून घ्या. तोंडी नको, रोस्टर बनवणारा माणूस वेगळा असतो.