लिंकन बीची: आपटून गेला की बुडून?

लष्करची मनीषा
भाचीला शाळेत जुन्या वैमानिकांवर बोलायचंय. तिने अमेरिकेचा लिंकन बीची निवडलाय, 1911 मध्ये नायगाऱ्याच्या पुलाखालून विमान काढणारा. एकीकडे लिहिलंय विमान कोसळून गेला, दुसरीकडे बुडून. खरं काय? आणि एवढा तरबेज माणूस, घात झाला कशाने?

मोरारचे नाना
ताई, दोन्ही खरं. 14 मार्च 1915, सॅन फ्रान्सिस्कोचं पनामा-पॅसिफिक प्रदर्शन. विमान उलटं करून खाली झेपावला, वर ओढताना पंख मोडले आणि थेट खाडीत. शवविच्छेदनात निघालं, की आपटून जीव गेला नव्हता; तो बुडाला. वय अवघं 28.

मी हवाई दलात एअरफ्रेम फिटर, म्हणजे विमानाच्या सांगाड्याची देखभाल करणारा होतो, म्हणून दुसऱ्या प्रश्नाचं जरा सविस्तर सांगतो. बीचीचा हात बसला होता कर्टिस कंपनीच्या दुपंखी विमानावर. इंजिन पाठीमागे, वैमानिक पुढे उघड्यावर, दोन पंखांमध्ये दांड्या नि ताणलेल्या तारा. हा सगळा पसारा वारा अडवतो, त्यामुळे नाक खाली केलं तरी वेग फार चढत नाही. त्या दिवशीचं विमान नवं, एकपंखी, अंगाने सडपातळ. ते भराभर वेग घेतं. आणि वेग दुप्पट झाला, की वर ओढताना पंखावर चौपट भार येऊ शकतो. तिथेच घात झाला.

त्याला बेफिकीर म्हणणं मला पटत नाही. 1911 मध्ये शिकागोला इंधन संपेपर्यंत तो वर चढत गेला, 11,000 फुटांच्याही वर, आणि बंद इंजिनाने तरंगत सुखरूप उतरला. हे अंदाज पक्का असल्याशिवाय होत नाही.

इंदूरचा आदित्य
नाना, पण 1913 मध्ये त्याने उडणं सोडलं होतं ना?

मोरारचे नाना
सोडलं होतं. त्याचं बघून कसरती करायला गेलेली पोरं मरत होती, ते मनाला लागलं होतं. मग त्याच सप्टेंबरात कीव्हला नेस्तेरोव्ह या वैमानिकाने आणि पाठोपाठ फ्रान्समध्ये पेगूने लूप मारला, म्हणजे विमानाने हवेत उभं वर्तुळ काढलं, तेव्हा राहवलं नाही. ऑक्टोबरात हॅमंड्सपोर्टला त्याच्या विमानाच्या धडकेने छतावरून बघणारी एक तरुणी गेली. तरी नोव्हेंबरात सॅन दिएगोला त्याने लूप मारलाच. भाचीने त्या मुलीचा उल्लेख जरूर करावा.

लष्करची मनीषा
करेल, नाना. ती विचारतेय, आपल्या ग्वाल्हेरात डोक्यावरून जाणाऱ्या मिराज लढाऊ विमानाचे पंख का मोडत नाहीत?

मोरारचे नाना
मिराज 2000 मध्ये वैमानिकाने विमान वळवायची काठी ओढली, की आधी संगणकाला कळतं आणि तो भार मर्यादेत ठेवतो. नेहमीची मर्यादा 9 जी, म्हणजे वजनाच्या नऊपट.