जेवताना पाणी प्यायलं की जठरातलं आम्ल पातळ होतं का?

प्रश्न: जेवताना पाणी पिऊ नये, जठररस पातळ होतो आणि अन्न तसंच पडून राहतं, असं जिथे तिथे वाचायला मिळतं. आम्लाचा पीएच (आम्लतेचं माप; आकडा जितका कमी तितकं आम्ल तीव्र) 1.5 धरला तर ग्लासभर पाण्याने नेमका किती फरक पडतो? आकड्यांत कोणी सांगेल का? दुसरं म्हणजे, तेलकट जेवण चार तासांनीही पोटात बसून असल्यासारखं का वाटतं?

उत्तर 1: गणित सोपं आहे. 100 मिली जठररसात 250 मिली पाणी घातलं तर तो साडेतीनपट पातळ होतो. पण पीएचचं माप दहाच्या पटीत चालतं: दहापट पातळ केलं तेव्हा कुठे तो 1 ने वाढतो. त्यामुळे 1.5 चा होईल जेमतेम 2, आणि प्रथिनं पचवणारं पेप्सिन तर 2 च्या आसपासच जोरात चालतं! आम्ल खरं खातं ते अन्नच. त्यातली प्रथिनं आम्ल शोषून घेतात आणि जेवण सुरू होताच पीएच 4–5 पर्यंत चढतो. आम्लावरचा लगाम सुटतो तो या चढण्यानेच. आम्ल सुटायला लावणारं संप्रेरक गॅस्ट्रिन वाढतं, आम्लपेशी रस ओतत राहतात आणि तास-दोन तासांत पीएच पुन्हा खाली येतो. ग्लासभर पाण्याचं इथे काही चालत नाही. रिकाम्या पोटी प्यायलेलं निम्मं पाणी तर 15–20 मिनिटांत पुढे गेलेलंही असतं.

उत्तर 2: दुसऱ्या प्रश्नाबद्दल. जठराच्या खालच्या भागात मिनिटाला 3 लाटा उठतात. प्रत्येक लाट लगदा लहान आतड्यात उघडणाऱ्या, जवळजवळ मिटलेल्या दाराकडे ढकलते, 1–2 मिलिमीटरपेक्षा बारीक झालेलं तेवढं निसटतं, बाकीचं मागे फेकलं जातं आणि पुन्हा घुसळलं जातं. म्हणून न चावता गिळलेला घास जास्त वेळ अडकतो.

दार किती उघडायचं हे मात्र बरंचसं पलीकडचं लहान आतडं ठरवतं. तिथे स्निग्ध पदार्थ पोचला की कोलेसिस्टोकायनिन हे संप्रेरक सुटतं, जठर सैलावतं, दार आवळतं. वेग साधारण मिनिटाला 2–3 किलोकॅलरी राहतो, म्हणजे 600 किलोकॅलरीच्या जेवणाला सव्वातीन ते पाच तास. तुमचे चार तास यात सहज बसतात, तो बिघाड नाही.

बिघाड कधी म्हणायचा? तपासणीत ठरावीक जेवण देतात आणि 4 तासांनी 10 टक्क्यांहून जास्त शिल्लक दिसलं तर जठर मंद धरतात. जुन्या मधुमेहात जठराची हालचाल चालवणारी व्हेगस नस (मज्जातंतू) दुखावल्याने असं होतं. तिथे इन्सुलिन आधी काम करतं, अन्न मागाहून पोचतं आणि साखर एकदम घसरते.

प्रश्नकर्ता: म्हणजे पित्त होतं ते पाण्यामुळे नाही. मग आम्ल कमी करणारं ओमेप्राझोल जेवल्यावर घेतलं तर चालेल?

उत्तर 1: नाही, जेवणाआधी 30–60 मिनिटं. ते फक्त चालू असलेले आम्लपंप बंद करतं आणि पंप चालू होतात जेवणाने, त्यामुळे त्या वेळी औषध रक्तात असायला हवं. आणि आपण ज्याला 'पित्त' म्हणतो ते हे आम्लच. खरं पित्त यकृतात तयार होतं आणि दाराच्या पलीकडे, आतड्यात येऊन पडतं.

उत्तर 2: रात्री जळजळ होत असेल तर जेवण आणि झोप यांत 2–3 तास ठेवा, डाव्या कुशीवर झोपा. त्या कुशीवर आम्लाचं तळं अन्ननलिकेच्या तोंडाखाली राहतं.